नाशिकच्या घरातून चालवा मित्रमंडळींचा माइनक्राफ्ट सर्व्हर : क्लाउडवरील उभारणी, पायरीपायरीने

परीक्षा संपल्या आणि मे महिन्याची सुट्टी लागली की इंदिरानगरमधला मुलगा, सिन्नरचा मामेभाऊ, ओझरची आतेबहीण आणि शिकायला पुण्याला गेलेली ताई यांना एकाच माइनक्राफ्टच्या जगात एकत्र खेळायचे असते. घरातल्या एका लॅपटॉपवर सर्व्हर चालवून हे जमेल, असे प्रथम वाटते. पण आज अनेक ब्रॉडबँड जोडण्यांमध्ये प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. सीजीनॅट नावाच्या व्यवस्थेमुळे एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, आणि मग राउटरवर पोर्ट (बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठीचे क्रमांकित दार) कितीही वेळा फॉरवर्ड केले तरी बाहेरच्या माणसाला आपल्या लॅपटॉपपर्यंत पोहोचता येत नाही. शिवाय ज्याच्या घरी सर्व्हर आहे त्याच्याकडे वीज गेली किंवा त्याला लॅपटॉप क्लासला न्यावा लागला, तर इतर सगळ्यांचा खेळ तिथेच थांबतो. क्लाउडवर भाड्याने यंत्र घेतले की या दोन्ही अडचणी सुटतात.

सर्व्हर सुरू करणे हे एका संध्याकाळचे काम आहे. त्याहून महत्त्वाच्या गोष्टी तीन : आत कोणाला घ्यायचे, यंत्र कधी बंद करायचे आणि मुलांनी उभारलेल्या जगाची प्रत कुठे ठेवायची. या तिन्हींची तजवीज पहिल्याच दिवशी करावी असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणून या लेखात त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या लिपीत आणि इंग्रजी अंकांत टाइप कराव्यात. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

आधी एक चौकशी

कोण कशावर खेळणार, हे सर्वांना विचारून घ्या. माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत. संगणकावरची जावा एडिशन ही एक, आणि मोबाइल, टॅब्लेट व गेमिंग कन्सोलवर चालणारी बेडरॉक एडिशन ही दुसरी. बेडरॉक विंडोजवरही चालते. या दोहोंचे सर्व्हर वेगळे असून एकीचा खेळाडू दुसरीच्या सर्व्हरवर थेट येऊ शकत नाही. जावाचा सर्व्हर टीसीपी २५५६५ या पोर्टवर ऐकतो, तर बेडरॉकचा यूडीपी १९१३२ वर. गटातील बहुतेक मुले मोबाइलवर खेळत असतील, तर बेडरॉकचा अधिकृत सर्व्हर घ्यावा. दोन्ही प्रकारचे खेळाडू असतील तर गायझर नावाचे जोडसाधन मिळते, पण ते नवख्या माणसाने पहिल्या आठवड्यात हाती घेऊ नये. पुढील सर्व पायऱ्या जावा एडिशनच्या आहेत.

याच वेळी प्रत्येकाकडे खेळाची विकत घेतलेली प्रत आहे का, हेही स्पष्टपणे विचारावे. फुकट उतरवलेल्या प्रतींसाठी सर्व्हरमधील 'ऑनलाइन मोड' बंद ठेवावा लागतो, आणि तो बंद केला की समोरचा माणूस जे नाव सांगेल ते सर्व्हर खरे मानतो. कोणीही आपल्या ताईचे नाव धारण करून आत येऊ शकतो आणि ताईला व्यवस्थापकाचे अधिकार दिले असतील तर ते अधिकारही त्याच्या हाती जातात. सगळ्यांना खेळ विकत घेणे परवडणारे नसेल, तर लुआंती हा मुक्तस्रोत आणि पूर्णपणे मोफत पर्याय आहे. पूर्वी त्याचे नाव माइनटेस्ट होते, ते २०२४ मध्ये बदलले. त्यात प्रत्येक खेळाडूचा पासवर्ड सर्व्हर स्वतः तपासतो. लहान गटासाठी तो चांगला पर्याय आहे, हे मी आवर्जून सांगतो.

खाते, कार्ड आणि खर्चाचा इशारा

उदाहरणासाठी ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस ही सेवा घेतली आहे. नावे आणि बटणे बदलली तरी इतर कंपन्यांकडेही क्रम हाच राहतो. खाते पालकांच्या किंवा सज्ञान व्यक्तीच्या नावाने उघडावे, कारण त्याला कार्ड जोडलेले असते आणि वापराइतके बिल महिन्याच्या अखेरीस येते. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरील आवर्ती रकमांसाठी आधी नोंदवलेली संमती लागते, त्यामुळे पैसे आपोआप वळते झाले नाहीत तर बिलाच्या पानावर जाऊन हाताने भरावे लागतात. बिलाचे ईमेल वाचण्याची सवय ठेवावी. नव्या खात्याला ठराविक काळापुरते क्रेडिट मिळते, पण ते केव्हा संपणार याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवणे शहाणपणाचे.

खाते उघडताच, दुसरे काहीही करण्याआधी, दोन गोष्टी कराव्यात. मुख्य खात्याला पासवर्डशिवाय मोबाइलवरच्या कोडचे दुसरे कुलूप लावावे, आणि 'बजेट' विभागात जाऊन महिन्याची मर्यादा ठरवून तिच्या निम्म्यावर व ऐंशी टक्क्यांवर ईमेल येईल अशी सोय करावी. मात्र हा इशारा फक्त कळवतो, तो यंत्र आपोआप बंद करत नाही. शिवाय खर्चाचा आकडा काही तास उशिराने अद्ययावत होतो. म्हणून यंत्र स्वतःहून बंद होण्याची सोय वेगळी करावी लागते. ती पुढे येईल.

यंत्र कुठले आणि कुठे

ॲमेझॉनच्या कन्सोलच्या, म्हणजे यंत्रे सांभाळण्याच्या संकेतपानाच्या, उजव्या कोपऱ्यात विभाग निवडायची यादी असते, तिथे मुंबई निवडावे. हा विभाग २०१६ पासून आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, त्यामुळे नाशिक ते मुंबई हे अंतर जाऊन येऊन दोन-तीन मिलिसेकंदांचे ठरते आणि वाटेतील राउटर धरूनही उशीर जाणवत नाही. फ्रँकफर्टसारख्या युरोपातील ठिकाणी सर्व्हर ठेवला तर केवळ अंतरामुळेच साठ-पासष्ट मिलिसेकंद जातात आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट उशीर होतो. यादीत कधी कधी परदेशी विभाग आधीच निवडलेला असतो, तेवढे तपासावे. मायक्रोसॉफ्ट ॲझ्युअर वापरणाऱ्यांना सेंट्रल इंडिया या नावाने पुण्याचा विभाग मिळतो. नाशिककरांना तोही जवळचाच.

आता 'लाँच इन्स्टन्स' वर जाऊन यंत्र निवडावे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून उबुंटू २४.०४ एलटीएस (लिनक्सची दीर्घकाळ सुधारणा मिळणारी आवृत्ती) घ्यावी. स्मृती, म्हणजे रॅम, किमान ४ जीबी हवी. १ जीबीचे यंत्र स्वस्त असते, पण दोन मुले जगाच्या दोन टोकांना धावू लागली की ते गुदमरते. प्रोसेसरच्या बाबतीत टी आणि सी या मालिकांमधला फरक समजून घेण्याजोगा आहे. टी३ मीडियम या यंत्रात २ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि ४ जीबी रॅम असते, मात्र त्याची मूळ क्षमता प्रत्येक व्हीसीपीयूच्या २० टक्के इतकीच आहे. त्यावरचा वेग साठवलेल्या प्रोसेसर-क्रेडिटमधून (कमी वापराच्या वेळी जमलेल्या शिल्लकेतून) मिळतो आणि क्रेडिट संपल्यावरही जोर लागत राहिला तर वेगळे पैसे लागू शकतात. सी मालिकेतील 'लार्ज' यंत्रातही २ व्हीसीपीयू आणि ४ जीबी असतात, पण पूर्ण क्षमता सदैव उपलब्ध असते. तीन-चार जण संध्याकाळी दोन-तीन तास खेळणार असतील तर टी३ पुरते. सहा-आठ जण असतील तर मी सी मालिका घेईन, कारण माइनक्राफ्टचे मुख्य काम एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे प्रोसेसरच्या एका वेळी एकाच कोअरवर, चालते आणि त्या एका कोअरचा वेग हाच खेळाचा वेग असतो. डिस्क २० जीबी घेतली तरी पुरे.

यंत्र तयार करताना एक की-फाइल उतरवायला मिळते. ती पुन्हा मिळत नाही. ती पेनड्राइव्हवरही ठेवावी आणि व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नये.

याच पानावर सिक्युरिटी ग्रुपचे, म्हणजे कोणत्या पोर्टवर कोणाला येऊ द्यायचे याचे, नियम असतात. पोर्ट २२ हे आपल्याला यंत्रात शिरण्यासाठी आहे, त्यासमोर 'माय आयपी' निवडावे. घरचा पत्ता काही दिवसांनी बदलला आणि जोडणी होईनाशी झाली, तर इथे येऊन पुन्हा 'माय आयपी' निवडले की काम होते. त्रास नको म्हणून ते सगळ्या जगासाठी उघडू नये. दुसरा नियम टीसीपी २५५६५ चा, तो सर्वांसाठी उघडावा लागतो, कारण सिन्नर आणि ओझरच्या घरांचे पत्तेही बदलत राहतात. दूरनियंत्रणाचे २५५७५ हे पोर्ट उघडण्याचे कारण नाही.

जावा, सर्व्हर आणि पहिली सुरुवात

विंडोजच्या पॉवरशेलमधून किंवा मॅकच्या टर्मिनलमधून एसएसएच (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याचे साधन) वापरून, उबुंटू या वापरकर्त्याच्या नावाने, की-फाइल आणि यंत्राचा पत्ता देऊन आत शिरावे. मॅक किंवा लिनक्सवर की-फाइलच्या परवानग्या फार मोकळ्या असल्याची तक्रार आली तर त्या फाइलवर 'सीएचमॉड ४००' चालवावे.

आत गेल्यावर 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी अपग्रेड' चालवावे. सर्व्हर जावा या प्रोग्रामवर चालतो, म्हणून त्यानंतर ओपनजेडीके २१ (जावाची मुक्तस्रोत आवृत्ती) चे 'जेआरई हेडलेस' पॅकेज बसवावे. माइनक्राफ्ट १.२०.५ पासून जावा २१ लागते, आणि पुढील आवृत्त्यांना त्याहून नवी जावा लागू शकते. चुकीची जावा असेल तर सर्व्हर एक लांबलचक मजकूर दाखवून थांबतो. त्यात 'क्लास फाइल व्हर्जन ६५.०' असा आकडा दिसतो. त्या आकड्यातून ४४ वजा केले की लागणाऱ्या जावाचा क्रमांक मिळतो. ६५ वजा ४४ म्हणजे २१. याच मजकुरात पुढे '६१.० पर्यंतच ओळखते' असे म्हटले असेल तर आपल्या यंत्रावर जावा १७ आहे. एवढे वाचता आले की कोणाला विचारत बसावे लागत नाही.

घरच्या निर्देशिकेत सर्व्हरसाठी नवे फोल्डर करून त्यात माइनक्राफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून सर्व्हरची जार फाइल 'डब्ल्यूगेट' ने उतरवावी. आज्ञा अशी : जावा, मग -एक्सएमएस२जी, -एक्सएमएक्स३जी, -जार, जार फाइलचे नाव आणि शेवटी नोजीयूआय. यातील पहिले एक्स आणि शेवटचे जी ही अक्षरे मोठी असतात. ४ जीबीपैकी ३ जीबी खेळाला देऊन उरलेली १ जीबी ऑपरेटिंग सिस्टिमला ठेवावी. चारही जीबी खेळाला दिल्या तर स्मृती संपताच उबुंटू हीच प्रक्रिया मारून टाकते.

पहिल्या वेळी सर्व्हर काही सेकंदांत बंद पडेल, ते अपेक्षितच आहे. फोल्डरमध्ये 'युला' नावाची छोटी मजकूर फाइल तयार झालेली दिसेल. ती नॅनो या संपादकात उघडून, माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांग कंपनीच्या अटी खरोखर वाचून, शेवटच्या ओळीतील 'फॉल्स' च्या जागी 'ट्रू' लिहावे. आता पुन्हा तीच आज्ञा दिली की जग तयार होत असल्याची टक्केवारी सरकू लागते आणि अखेरीस 'डन' हा शब्द व कंसात लागलेले सेकंद दिसतात. पण घाई करू नये. मुलांना पत्ता देण्याआधी 'स्टॉप' लिहून सर्व्हर बंद करावा आणि पुढची पायरी पूर्ण करावी.

आत कोणाला घ्यायचे

इंटरनेटवर २५५६५ हे पोर्ट उघडे असलेले पत्ते सतत शोधणारे प्रोग्राम चालू असतात. आपला सर्व्हर कोणाला ठाऊक नाही, म्हणून तो सुरक्षित आहे, असे समजू नये. जुन्या सरकारवाड्यासारख्या वाड्याला जसा मोठा दरवाजा आणि त्यात माणसागणिक उघडणारी दिंडी असते, तशी दिंडी इथे व्हाइटलिस्टची आहे. 'सर्व्हर प्रॉपर्टीज' या फाइलमध्ये व्हाइटलिस्ट आणि एनफोर्स-व्हाइटलिस्ट या दोन्ही ओळी 'ट्रू' कराव्यात. ऑनलाइन मोड आधीच 'ट्रू' असतो, त्याला हात लावू नये. सर्व्हर सुरू करून प्रत्येक खेळाडूसाठी 'व्हाइटलिस्ट ॲड' आणि त्याचे खेळातील नाव अशी आज्ञा द्यावी. नाव एका अक्षराने चुकले तरी प्रवेश मिळत नाही, म्हणून मुलांकडून नावे टाइप करून मागवावीत, फोनवर ऐकून लिहू नयेत.

'ऑप' हा व्यवस्थापकाचा अधिकार फार तर दोघांना द्यावा. मला विचाराल तर त्यातला एक मोठा माणूस असावा. गटात भांडण झाले आणि कोणी दुसऱ्याने बांधलेले रामकुंडाचे घाट टीएनटीने उडवले, तर निर्णय देणारा कोणीतरी असलाच पाहिजे.

आवृत्ती अद्ययावत ठेवणे हाही सुरक्षेचाच भाग आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या तयार प्रोग्राम-संचातील (लायब्ररीतील) दोष उघडकीस आला, तेव्हा चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ लिहून माइनक्राफ्ट सर्व्हरवर परका प्रोग्राम चालवता येत होता. १.१८.१ या आवृत्तीने तो दोष दूर केला. आपल्या मुलांचे चॅट निरागस असेल, पण दोष कोणाच्या निरागसतेकडे पाहत नाही.

वेळेवर बंद होणारे यंत्र

महिन्याला साधारण ७३० तास होतात. रोज संध्याकाळी तीन तास खेळले तर ते सुमारे ९० तास, म्हणजे जवळपास आठवा हिस्सा. क्लाउडचे यंत्र तासांच्या हिशेबाने आकारले जाते, त्यामुळे ते खेळापुरतेच चालू ठेवणे ही सर्वांत मोठी बचत आहे. यंत्र 'स्टॉप' केल्यावर डिस्कचे भाडे मात्र चालूच राहते, कारण जग तिथेच साठवलेले असते.

प्रथम सर्व्हरला सिस्टमडीची (उबुंटूतील प्रोग्राम आपोआप सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) सेवा बनवावे, म्हणजे यंत्र सुरू होताच खेळ आपोआप सुरू होतो आणि यंत्र बंद होताना जग जतन करून थांबतो. सेवेच्या फाइलमध्ये कामाची निर्देशिका, उबुंटू हा वापरकर्ता आणि वर दिलेली जावाची आज्ञा लिहायची असते. मग 'सिस्टमसीटीएल इनेबल' केले की झाले. सर्व्हरला आज्ञा देण्यासाठी खेळात शिरून तिरकी रेघ आणि आज्ञा लिहिता येते.

आता घड्याळ. क्लाउडवरील यंत्र यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ पाळते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री साडेदहाला बंद व्हावे म्हणून क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) साडेबावीसची वेळ लिहिली, तर यंत्र पहाटे चार वाजता बंद होईल आणि साडेपाच तासांचे भाडे रोज फुकट जाईल. म्हणून 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने आशिया/कोलकाता हा वेळेचा पट्टा (दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर मोठे) ठरवून यंत्र एकदा रिस्टार्ट करावे, आणि मग 'सुडो क्रॉनटॅब -ई' उघडून ३० मिनिटे, २२ तास आणि तीन तारका अशी ओळ लिहून पुढे 'शटडाउन -एच नाऊ' द्यावे, त्यात शटडाउनचा पूर्ण मार्ग लिहावा. आतून बंद झालेले यंत्र 'स्टॉप' व्हावे, 'टर्मिनेट' होऊ नये, हे यंत्राच्या सेटिंगमधील शटडाउन बिहेवियरमध्ये पाहून घ्यावे. मुळात ते 'स्टॉप' असते. संध्याकाळी सुरू करण्यासाठी कंपनीचे मोबाइल ॲप पुरते. ऑफिसातून सातपूरहून निघतानाच आई-बाबांनी बटण दाबले तरी चालते.

यंत्र पुन्हा सुरू झाले की त्याचा सार्वजनिक पत्ता बदलतो. कायमचा पत्ता हवा असेल तर इलास्टिक आयपी घेता येतो, पण फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकारते आणि इलास्टिक आयपीसाठी ही आकारणी यंत्र बंद असतानाही चालू राहते. महिन्याला ते साडेतीन डॉलरच्या थोडे वर जाते. डकडीएनएससारखी मोफत सेवा वापरली तर यंत्र सुरू होताना आपला नवा पत्ता एका कायमच्या नावाला जोडते, आणि मुलांनी ते नाव एकदाच लिहून ठेवायचे.

जगाची प्रत

मुलांनी महिनाभर राबून उभारलेले गाव एका चुकीच्या आज्ञेने जाऊ शकते, आणि ते कोणतीही कंपनी परत आणून देत नाही. सगळे जग 'वर्ल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये असते. चालू सर्व्हरवरून नक्कल काढली तर अर्धवट लिहिलेल्या फाइली त्यात येऊ शकतात. त्यासाठी 'सेव्ह-ऑफ' देऊन, मग 'सेव्ह-ऑल' देऊन, नक्कल झाल्यावर 'सेव्ह-ऑन' द्यावे. याहून सोपा मार्ग म्हणजे दर रविवारी सर्व्हर थांबवून 'टार' ने ते फोल्डर एका फाइलमध्ये बांधावे आणि विनएससीपी या फाइली नेण्या-आणण्याच्या प्रोग्रामने घरच्या संगणकावर उतरवावे. क्लाउडवरच स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेण्याची सोयही आहे, पण खातेच बंद पडले तर स्नॅपशॉटही हाती राहत नाही, म्हणून घरची प्रत मी अनिवार्य मानतो.

प्रत घेतली एवढ्याने भागत नाही, ती चालते का हे पाहावे. उतरवलेले फोल्डर आपल्या संगणकावरील माइनक्राफ्टच्या 'सेव्ह्ज' मध्ये ठेवून एकट्याने उघडावे, आणि मुलांनी बांधलेल्या घाटाजवळ जाऊन उभे राहावे. घाट दिसला म्हणजे प्रत खरी.

खेळ अडखळतो तेव्हा

सर्व्हर सेकंदाला २० वेळा जग पुढे ढकलतो, म्हणजे प्रत्येक ठोक्याला ५० मिलिसेकंद. नोंदींमध्ये 'कान्ट कीप अप' ने सुरू होणारी ओळ वारंवार दिसली तर यंत्र मागे पडते आहे. ती ओळ नाही आणि तरी एकाच मुलाला अडखळते, तर दोष त्याच्या घरच्या वायफायचा आहे. तिथे लॅनची वायर लावून पाहावी, क्लाउडवर पैसे वाढवू नयेत.

यंत्र मागे पडत असेल तर मोठे यंत्र घेण्याआधी 'सर्व्हर प्रॉपर्टीज' मधील व्ह्यू डिस्टन्स (खेळाडूला किती दूरपर्यंत जग दाखवायचे तो आकडा) १० वरून ६ वर आणावे. १० असताना खेळाडूभोवतीच्या चौरसात २१ गुणिले २१, म्हणजे जगाचे ४४१ तुकडे (चंक) येतात. ६ केल्यावर ते १६९ राहतात. सिम्युलेशन डिस्टन्सही (किती दूरपर्यंत जग हलतेचालते ठेवायचे तो आकडा) तितकेच कमी करावे. बहुतेक गटांना एवढ्याने पुरते.

सुट्टी संपून जून उजाडला आणि सर्व्हर नको झाला, तर आधी शेवटची प्रत घरी उतरवावी, मग यंत्र 'टर्मिनेट' करावे. त्यानंतर व्हॉल्यूम (यंत्राच्या डिस्क), स्नॅपशॉट आणि इलास्टिक आयपी या तीन पानांवर एकेक करून जावे, कारण यंत्र गेले तरी हे मागे राहू शकतात आणि त्यांचे भाडे चालू राहते. दुसरा विभाग चुकून वापरला असेल तर तिथेही पाहावे. पुढच्या महिन्याचे बिल उघडून आकडा शून्य असल्याची खात्री केल्यावरच कार्ड खात्यावरून काढावे.